वीटवाल्यांचे फलंदाज आणि लोणचेवाल्यांची नणंद

ऑटर बेंड, आयोवा
मंगळवार, ५ जुलै १९४९

लिओनाबाई,

आणि सगळ्यांत आधी येऊन कोण बसलं होतं, सांग बघू? खाटकाची विल्हेल्मिना! बेसबॉलचा सामना दोनला, आणि बाई साडेअकराला हजर, तीही माझ्या जागेवर. पहिल्या बेसच्या मागे तिसरी रांग, खांबाशेजारी. तुझा भाऊ एमिल होता तेव्हापासून ती जागा आमची, सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "मिना, ऊठ." म्हणते कशी, "जागेवर नाव लिहिलंय का तुझं?" मी म्हटलं, "नाव नाही लिहिलं, पण सतरा वर्षं बसून फळीला खळगा पडलाय, तो माझ्या मापाचा आहे. तुझं मावतंय का बघ त्यात." उठली. बटाट्याच्या सॅलडचं भांडं छातीशी धरून उठली आणि पाद्रीबाईंच्या शेजारी जाऊन माझ्याबद्दल बोलत बसली. बोलू दे. तिच्या सॅलडमध्ये अंडं कमी असतं.

तर चार जुलै झाली, दोन सामने झाले, एक जिंकलो, एक हरलो, निम्मा मोसम संपला. एमिल दर वर्षी या दिवसांत तुला पत्र लिहायचा, आमच्या वीटवाल्यांच्या संघातल्या एकेका फलंदाजाचा हिशेब मांडायचा. तो गेला तेव्हा तू चर्चच्या पायरीवर चार माणसांत म्हणालीस, "आता मला कोण लिहिणार? अल्विनाला किराण्याची यादीसुद्धा धड लिहिता येत नाही." ऐकलं होतं मी. काळी टोपी घातली म्हणून कान झाकले जात नाहीत. तेव्हापासून हे पाचवं पत्र, तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं. लाल पेन्सिल घेऊन बस. शाळेतून काढलंय तुला, तेवढाच विरंगुळा. (निवृत्त म्हणायचं, नाही का. निवृत्त.)

आता फलंदाज. पहिल्या बेसवरचा स्टॅन कोझिक. धान्याच्या कोठारासारखा माणूस. सरावात चेंडू असे मारतो की वीटभट्टीवरची माणसं डोक्यावर पाट्या धरतात. सामन्यात? तीनदा हवेत बॅट फिरवायची आणि परत येऊन बसायचं. उन्हाळ्यात त्याच्या शेजारी बसावं, वारा छान लागतो.

लीरॉय फिंच, आमचा चपळ. सशासारखा पळतो गं! पण पळायला आधी चेंडू बॅटीला लागावा लागतो, हे कुणी सांगितलं नाही त्याला. दहा वेळा उतरला तर दोनदा कुठे बेसवर पोचतो. गस, तो चेंडू झेलायला मागे बसतो तो, दहा धावांनी पुढे असलो की मारतो. एक धाव हवी असली की त्याच्या गुडघ्यात कळ येते.

आणि ऑर्विल क्रेब्स. हा माझ्याकडे राहतो, वरच्या मागच्या खोलीत, एप्रिलपासून. तुझ्या घरी जसे तुमच्या वॉलबर्गच्या संघातले लोणचेवाले राहतात तसा, फक्त माझ्याकडे माणसाला पोटभर मिळतं. सत्तावीस वर्षांचा, मिझुरीच्या शिशाच्या खाणीतला. बाप तिथेच खोकून खोकून गेला. मे महिन्यात हा दहात तीनदा मारत होता, गावानं डोक्यावर घेतला होता. जून लागला आणि उतरती कळा लागली. आता लीरॉयच्याही खाली. आणि आमचा मॅनेजर हॅस्केल, तंबाखूची गोळी गालातून न काढता बोलणारा, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलंय: एकतीस जुलैला दोन नावं कापणार, वरच्या क्लबातून दोन नवे येणार. ऑर्विलचं नाव कापलं तर तो परत खाणीत. या वयाच्या फलंदाजाला दुसरं कुणी घेत नाही.

मला विचारशील तर तो प्रेमात पडलाय. खुणा सांगते. लोणी त्याच्या डाव्या कोपराशी असतं आणि हा विचारतो, "आजी, लोणी कुठाय?" परवा दुधाचा जग पाडला, तोही डावीकडचाच. घरून पत्र आलं की खोलीचं दार लावून वाचतो. कुणीतरी लग्न झालेली बाई असणार. आणि वर्तमानपत्र मात्र मला वाचायला लावतो! रोज जेवण झालं की सामन्यांचे आकडे माझ्यापुढे ठेवतो. म्हणतो, "आजी, तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं." मी बोट ठेवून ठेवून वाचते, अर्धा तास लागतो, पण बिचारा हूं की चूं करत नाही. एमिलनं मला बत्तीस वर्षांत एकदा वाचू दिलं नाही. म्हणायचा, तू संपवेपर्यंत उद्याचा पेपर येईल.

पंधराला तुझे लोणचेवाले येतायत तीन सामन्यांना. त्यांना सांग, डबा बांधून आणा, इथे पाणीसुद्धा विकत घ्यावं लागेल.

तुझी भावजय,
अल्विना ब्रॉकमायर


वॉलबर्ग, आयोवा
शनिवार, ९ जुलै १९४९

अल्विना,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा शुद्धलेखनासाठी, एकदा करमणुकीसाठी. शुद्धलेखनाच्या चुका सेहेचाळीस. गेल्या वर्षी एकावन्न होत्या. प्रगती आहे.

तुमच्या फलंदाजांबद्दल तू लिहिलेलं सगळं मला आधीच माहीत होतं. ते वाईट आहेत हे कळायला पत्र लागत नाही. माझ्याकडे तीन खेळाडू राहतात. त्यांतला मर्ल टॅगार्ट आमचा पहिल्या नंबरचा पिचर आहे. त्याला पोटभर मिळतं आणि जेवताना बोलायला विषयही मिळतो.

तुझ्या त्या ऑर्विलच्या प्रेमप्रकरणाची मात्र मला उत्सुकता वाटली. म्हातारपणी असल्या गोष्टींत रमतं मन. डावीकडून हाक मारली तर तो कसा वळतो? जिना उतरताना कठडा कुठल्या हातानं धरतो? मेजावरच्या इतर वस्तूंचं काय, उजवीकडच्या सापडतात का? सवडीनं लिही. सहज विचारते.

लिओना


ऑटर बेंड
मंगळवार, १२ जुलै

लिओनाबाई,

तू आणि उत्सुकता! तुझं पत्र मी मिनाला वाचून दाखवलं (हो, बोलतोय आम्ही परत, तिनं प्लमचा मुरंबा आणून दिला). ती म्हणाली, लिओना मऊ पडत चाललीय, बहुतेक तब्येत बरी नसेल. मी म्हटलं, तसं असेल तर मी पहिली कळवीन.

विचारलंस म्हणून सांगते. डावीकडून हाक मारली की तो नुसता बघत नाही, अख्खी मान वळवतो, घुबडासारखी. जिना उतरताना कठडा डाव्या हातानं घट्ट. उजवीकडचं सगळं सापडतं त्याला, मिठाची डबी, ब्रेड, कधीमधी जेवायला येणाऱ्या गसच्या ताटातलं मटण. डावीकडे मात्र चाचपतो. काल मी मुद्दाम ॲपल-पायची थाळी डावीकडे ठेवली, गंमत बघायला. पंधरा मिनिटं बसला बिचारा गोडाची वाट बघत! मी हसून हसून लोळले. प्रेमात माणूस आंधळा होतो हे खरंच आहे बघ.

चौघडी शिवायला घेतलीय डार्लीनच्या लग्नासाठी. हो, माझी नात, डे मॉइनची. तुला बोलावणार आहेत, मी विरोध केला होता.

अल्विना


ऑटर बेंड
सोमवार, १८ जुलै

लिओना,

'बाई' मुद्दाम गाळलंय.

शुक्रवारी दुपारी ऑर्विल पहिल्यांदा उतरला. तुझा तो मर्ल, लांब मानेचा, चेंडू हातात घेऊन उभा. त्यानं पहिला चेंडू टाकला अंगालगत, आत. ऑर्विलनं बॅट फिरवली, चेंडू कधीच गेला होता. दुसरा तिथेच. तिसरा तिथेच. एकही बाहेर नाही. दुसऱ्यांदा उतरला तेव्हाही तेच. मी शेजारच्याला म्हटलं, याला दुसरीकडे टाकताच येत नाही की काय. मग तिसऱ्या वेळी, दोन बेसवर माणसं, सगळं मैदान गप्प, आणि तुझा मर्ल थांबला, टोपी मागे सारली आणि ओरडला:

"काय रे ऑर्विल! आजीला सांग, लोणी उजवीकडे ठेवत जा!"

लोणचेवाल्यांच्या बाकावर सगळे खिदळले. आमच्या रांगांतसुद्धा लोक हसले, काय ते न कळता. ऑर्विलचं तोंड पांढरं झालं. त्यानं अख्खी मान वळवून तिसऱ्या रांगेकडे बघितलं, माझ्याकडे. लोण्याचं त्याला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. गस आठवड्यातून एकदा जेवतो, तो ताटातून डोकं वर काढत नाही.

तीन दिवसांत अकरा वेळा उतरला. आठ वेळा तीनदा हुकून परत. तुमचे दुसरे पिचरसुद्धा तिथेच टाकत होते, आत, अंगालगत. हॅस्केल नुसता थुंकला आणि वहीत लिहिलं.

तू माझं पत्र जेवणाच्या मेजावर वाचून दाखवलंस. माझ्या घरातलं माणूस, माझ्या तोंडचं बोलणं, आणि तू ते तुझ्या सूपबरोबर वाढलंस. ती तुझी उत्सुकता, तो जिन्याचा कठडा! मी मूर्ख, पानभर लिहिलं. एमिल तुला बारा वर्षं लिहीत होता, त्याचंही असंच वाढलं असशील.

शनिवारी आणि काल ऑर्विल माझ्या मेजावर जेवला नाही. डेपोजवळच्या खानावळीत खाल्लं. रात्री पायऱ्यांवर भेटला तर म्हणाला, "गुड नाईट, मिसेस ब्रॉकमायर." एप्रिलपासून आजी म्हणत होता.

अ.


वॉलबर्ग
बुधवार, २० जुलै १९४९

अल्विना,

होय, वाचून दाखवलं. माझं घर, माझं मेज, माझा संघ. तू तुझ्या संघाची गुपितं तीन सेंटचं तिकीट लावून शत्रूच्या गावी पाठवतेस आणि मग रडतेस. ओरडून सांगणं हा मर्लचा आगाऊपणा, त्याबद्दल मी त्याला दोन दिवस गोड दिलं नाही. बाकी कशाबद्दलही मी माफी मागणार नाही.

आता नीट वाच, बोट ठेवून.

मी एकतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवली. फळ्यावरचं न दिसणारं मूल मला दारातून आत येतानाच कळायचं. ते मान वळवतं. कठडा धरतं. एका बाजूच्या वस्तू पाडतं. आणि शेजारच्या मुलीला म्हणतं, तू वाच ना, तुझा आवाज गोड आहे.

ऑर्विल क्रेब्स प्रेमात नाही. त्याचा डावा डोळा अधू आहे आणि उजवाही फार चांगला नसावा. फलंदाज पिचरकडे डावा खांदा करून उभा राहतो, म्हणून आत येणारा चेंडू त्याला शेवटी दिसतच नाही. दार लावून तो प्रेमपत्रं वाचत नाही. चष्मा लावून वाचतो, यावर मी माझी पेन्शन लावायला तयार आहे. आणि तुझ्या वाचनाचं त्याला काडीचं कौतुक नाही. वर्तमानपत्रातले बारीक आकडे त्याला दिसत नाहीत, एवढंच.

हे मला दोन पत्रांत कळलं. तुझ्याकडे तो एप्रिलपासून राहतोय. तू त्याचं गोड लपवून हसलीस.

लिओना


ऑटर बेंड
रविवार, २४ जुलै

लिओनाबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी चेरीच्या बिया काढत होते. वाचलं आणि बिया वाडग्यात आणि चेरी बादलीत टाकत बसले, कितीतरी वेळ. तू दुष्ट आहेस. आधी ते लिहिते, मग पुढचं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. म्हटलं, "ऑर्विल, चष्मा आण."

"कसला चष्मा, मिसेस ब्रॉकमायर?"

"जो दार लावून लावतोस तो."

मग वर गेला, ट्रंकेतून लोकरी मोजा आणला, मोज्यातून चष्मा काढला. जाड काचा गं, विशेषतः डावी. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात एक दिवस लावून खेळला होता. एकच दिवस. तिथल्या मॅनेजरनं संध्याकाळी बसचं तिकीट हातात दिलं. म्हणाला, चष्मेवाला फलंदाज म्हणजे लंगडा घोडा. तेव्हापासून बघून नाही, अंदाजानं मारतो. मेपर्यंत पिचर बाहेर टाकत होते, चालून गेलं. जूनमध्ये कुणीतरी आत टाकून बघितलं, तो हुकला, आणि हळूहळू सगळे तिथेच टाकायला लागले.

म्हणजे सगळं माझ्यामुळे नव्हतं हो. पण ते शेवटचे अकरा माझ्यामुळे.

मी माफी मागितली. लिओनाबाई, मी एमिलची कधी मागितली नव्हती, त्याचं घड्याळ सूपमध्ये शिजवलं तेव्हासुद्धा नाही. ऑर्विल म्हणाला, "राहू द्या, आजी. तुम्हाला काय माहीत." मग चष्मा लावून मेजावरचा पेपर उचलला आणि सगळ्या सामन्यांचे आकडे एका दमात वाचून काढले, चार मिनिटांत. मी शिवण हातात घेऊन बसले. मला वाटलं होतं माझं वाचन सुधारतंय.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारून हॅस्केलकडे गेले. ऑर्विल म्हणाला, "सांगा, आजी. नाहीतरी जातोच आहे." दालचिनीचा केक घेऊन गेले. हॅस्केलनं केक घेतला, मला बसायला सांगितलं नाही.

"ब्रॉकमायरबाई, चेंडू तोंडावर आला आणि काच डोळ्यात गेली तर? मला माणसं खेळवायची आहेत, ग्रंथपाल नाही."

"आणि अर्धा आंधळा खेळतोय ते चालतं?"

"तो अर्धा आंधळा आहे हे मला आत्ता कळलं. आधी मला वाटत होतं नुसताच वाईट आहे."

"मग आता कळलं ना? लावू दे चष्मा."

"धावताना घसरला तर? बेसवर रांगत शोधत बसणार? गाव हसेल."

"गाव गेला महिनाभर हसतंच आहे. गर्दी वाढलीय ना त्यानं?"

गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला केली. म्हणाला, "तीस आणि एकतीसला लोणचेवाले परत येतायत. तेवढे दोन सामने काय लावायचं ते लावू दे. एकतीसला संध्याकाळी यादी." आणि केक परत दिला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मागच्या अंगणात मी त्याला बटाटे फेकते. आत, अंगालगत. हसू नकोस, माझा नेम चांगला आहे, कोंबड्यांना विचार. पहिल्या दिवशी सतरातले चार फुटले. आज सतरातले तेरा. सूप रोज बटाट्याचं. पण घोळ असा आहे की घामानं चष्मा नाकावरून सरकतो. बॅट फिरवली की तो गवतात. मी बुटाच्या नाडीनं बांधून बघितलं, कान लाल झाले त्याचे. हॅस्केलनं हे एकदा बघितलं की संपलं.

हे तुला का लिहितेय मला माहीत नाही. वाचून दाखव जा.

अल्विना


वॉलबर्ग
मंगळवार, २६ जुलै १९४९

अल्विना,

सोबत एक पट्टी आहे. इलॅस्टिकची, आतून फ्लॅनेल. दोन्ही टोकांच्या फासांतून चष्म्याच्या काड्या घालायच्या, डोक्यामागे बटण लावायचं. मैदानी तासाला माझ्या वर्गातल्या मुलांना अशा शिवून देत असे. एकाचाही चष्मा पडला नाही आणि एकाचेही कान लाल झाले नाहीत. बुटाची नाडी! तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

ही तुझ्यासाठी शिवलेली नाही आणि तुमच्या संघासाठी तर मुळीच नाही. मर्ल दहा दिवस झाले माझ्या मेजावर बसून आपल्या पिचरांनी एका अधू डोळ्याच्या माणसाला आठ वेळा बाद केल्याची बढाई मारतोय. पहिल्या दोन दिवशी मीही हसले. मग हसू येईना. माझ्या वर्गात कुणी अशी बढाई मारली असती तर त्याला कोपऱ्यात उभं केलं असतं.

मी मर्लला काहीही सांगितलेलं नाही. चष्मा दिसला तरी त्याची सवय जाणार नाही, तो आतच टाकेल. माझ्या संघाशी मी आजवर कधी बेइमानी केली नव्हती. हे पत्र जाळ.

हरलात तर कळव. जिंकलात तर कळवू नकोस.

लिओना


ऑटर बेंड
सोमवार, १ ऑगस्ट १९४९

लिओनाबाई,

हरलो. तू म्हणालीस म्हणून कळवते.

तुझा मर्ल येऊन तुला काय सांगायचं ते सांगेल, पण खरं हे आहे.

शनिवारचं सोड. तुमचा डावखुरा पिचर होता, ऑर्विलला चारातला एक फटका मिळाला, तोही नशिबानं. पण चष्मा लावून मैदानात पाऊल टाकलं तेव्हा काय गोंधळ गं! "मास्तर! फळा विसरलात!" "अरे, पुस्तक उलटं धरलंय!" आणि आमच्याच गावचे लोक. लाकडाच्या वखारीवाला ओरडला, "ऑर्विल, मी किती बोटं दाखवतोय?" मी वळून म्हटलं, "हर्मन, चार. आरा चालवताना पाचवं कुठे गेलं ते तुझं तुलाच ठाऊक."

काल रविवार. मर्ल टाकायला आला. ऑर्विल उतरला तसा मर्लनं चष्मा बघितला, पट्टी बघितली आणि हात कमरेवर ठेवून असा हसला! म्हणाला, "आता लोणी सापडतं का?" आणि टाकला आत. ऑर्विलनं बॅट फार लवकर फिरवली, चेंडू रेषेबाहेर, थेट आमच्या रांगांत, मिनाच्या सॅलडच्या भांड्यात. मग दुसरा, तोही लवकर. तिसरा हुकला. बाद. सगळे हसले, पण मी नाही, लिओनाबाई. जो लवकर फिरवतो त्याला चेंडू दिसलेला असतो, एवढं मला बटाट्यांवरून कळलंय. हॅस्केलनं वहीत लिहिलं. दुसऱ्या वेळी मर्लचा नेम चुकला, ऑर्विल फुकट बेसवर गेला. तिसऱ्या वेळी उंच मारला, झेलला गेला. पुन्हा वहीत लिहिलं.

आठवा डाव. तुम्ही पाच, आम्ही तीन. लीरॉय तिसऱ्या बेसवर, गस दुसऱ्यावर (गस कसा पोचला विचारू नकोस, तुमच्या माणसानं चेंडू पायात सोडला). आणि ऑर्विल. यापुढे त्याची पाळी येणार नव्हती. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मर्ललासुद्धा. हॅस्केल उठून उभा राहिला. मला वाटलं आता दुसऱ्याला पाठवतो. तो नुसता थुंकला आणि परत बसला.

मर्लनं टाकला आत. ऑर्विलनं बघितला. नुसता बघितला, बॅट खांद्यावरच. पंच म्हणाला, फारच आत, चुकीचा चेंडू. मर्लचं हसू जरा उतरलं. दुसरा आणखी आत, छातीवर. ऑर्विल मागे झुकला, चष्मा हलला नाही, जागचा तसूभरसुद्धा हलला नाही. तिसरा परत तिथेच, पण जरा कमी आत, आणि मी बसल्या जागी म्हटलं, हा माझा बटाटा आहे.

आवाज ऐकायला हवा होतास. चेंडू डावीकडच्या कुंपणावर आदळला, फळी हलली, वर वीटभट्टीची जाहिरात आहे ती लोंबकळायला लागली. लीरॉय आला, गस आला, गुडघा विसरून आला. पाच-पाच. ऑर्विल दुसऱ्या बेसवर उभा होता, दोन्ही हात गुडघ्यावर, आणि खाली बघत होता. मी ओरडत होते का? मिना म्हणते तिच्या कानाला दडे बसलेत. मिनाचं ऐकू नकोस.

नवव्या डावात स्टॅननं सोपा चेंडू हातातून सोडला आणि तुम्ही सहा-पाच जिंकलात. मिळालं समाधान?

संध्याकाळी यादी. क्लबच्या पत्र्याच्या खोलीबाहेर सगळे उभे. हॅस्केलनं दोन नावं वाचली, स्टॅन कोझिक आणि लीरॉय फिंच. स्टॅन नुसता मान हलवून गेला, पण लीरॉय तिथेच मातीत बसला, एकोणीस वर्षांचं पोर. त्या दिवशी मी त्याला सशासारखा पळतो म्हणून हसले होते, ते आता जिभेवर कडू लागतंय. त्याला मी अर्धा केक बांधून दिला बसमध्ये. दुसरं काय देणार.

आणि हॅस्केल ऑर्विलला म्हणाला, "तू. चष्म्याची आणखी एक जोडी करून घे. एक फुटला म्हणून मी सामना थांबवणार नाही." बस. एवढंच. ऑर्विल मला सांगायला आला आणि चष्मा पुसतच राहिला. मीच म्हटलं, "हात धू, बटाट्याचं सूप आहे."

आता शेवटचं. तुमची बस पंक्चर होती, तीन तास लागणार होते. सातला दार वाजलं. ऑर्विल, आणि त्याच्यामागे तुझा लांब मानेचा मर्ल आणि आणखी दोन लोणचेवाले, टोप्या हातात. मी म्हटलं, "ऑर्विल, हे काय आणलंस घरात?"

"भुकेले आहेत, आजी."

"उपाशी मरू देत."

मर्ल म्हणाला, "मिसेस ब्रॉकमायर, मी त्या दिवशी जे ओरडलो..."

"ते मी ऐकलं. सगळ्या गावानं ऐकलं. पाय पूस आणि बस. डावीकडे बस, तिथे मी काही ठेवत नाही."

जेवला, लिओनाबाई. तीन ताटं. तू म्हणतेस त्याला पोटभर मिळतं! आणि जेवता जेवता ऑर्विलच्या पट्टीकडे बघून म्हणाला, "झकास शिवलीय. बटण आतून, फ्लॅनेल लावलंय. कुणी शिवली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ब्रेड कापत होते. खूप हळू कापला. तुला काय वाटतं, काय म्हणाले असेन मी? तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. तुझी एकतीस वर्षांची अब्रू गेली असती, आणि चर्चच्या पायरीची, सेहेचाळीस चुकांची सगळी भरपाई एका वाक्यात झाली असती.

म्हटलं, "ऑटर बेंडात अशा गोष्टी येतात बायकांना."

आभार मानू नकोस. मानशील तर परत पाठवीन. पत्र जाळलंय, चुलीत, तुझ्यासमोर नाही म्हणून विश्वास ठेवावा लागेल, आणि ते तुला जड जाईल याचाच मला जास्त आनंद आहे.

बस नीट झाली, भोंगा वाजला, तिघं उठले. मर्ल दारात म्हणाला, पुढच्या वेळी आत टाकणार नाही. ऑर्विल म्हणाला, कुठेही टाक. पुढच्या वेळी तो तिसऱ्या क्रमांकावर उतरणार आहे, हॅस्केलनं फळ्यावर लिहिलंय, मी स्वतः वाचलं. मर्ल असंही म्हणाला की तुला बसमध्ये घालून आणतो, तू कधी आमचं मैदान बघितलंच नाहीस म्हणे. मी काही बोलावलेलं नाही. पण परत येतो म्हणून सांगून गेलेत ते तिघं: एकवीस ऑगस्ट, रविवार, दोन सामने, पहिला एक वाजता.

अल्विना